डावी विंग

७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तू आता पोरगा राहिला नाहीस हे मला कळतं, पण आशीर्वाद लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही म्हणून फुगून बसला असशील तर खुशाल बस. महोत्सवाला तीन महिने उरलेत आणि या दिवसांत मला आणि माझ्या शिलाई मशीनला मान वर करायला फुरसत नसते. यंदा अकरा गट नाटकं करतायत. सगळ्यांत लहान गट सहा वर्षांच्यांचा. त्या सगळ्यांना मुंग्याच व्हायचंय. म्हणजे एकवीस मुंग्या आणि प्रत्येकीचे सहा पाय, हिशेब तूच कर. सगळ्यांत मोठा गट अठरा वर्षांच्यांचा, तो म्हणतो आम्ही रोजच्याच कपड्यांत नाटक करणार. मी त्यांना मनापासून धन्यवाद दिले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. बाबांचं काही खरं नाही रे. मागच्या पत्रात मी ते हसण्यावारी नेलं होतं, तसं आता जमणार नाही. महोत्सवाची पाटी ते दरवर्षी स्वतः रंगवतात. यंदा त्यांनी 'तिसावा महोत्सव' असं लिहिलं. मी म्हटलं, बाबा, तिसावा मागच्या वर्षी झाला. ते हसले, त्यावर पांढरा रंग मारला, वाळू दिला, आणि पुन्हा सुबक अक्षरात 'तिसावा' लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. सचिवबाईंनी दुसऱ्याकडून त्याच्या आधी 'एक' लिहून घेतलं आणि पाटी उंच लावली, म्हणजे बाबांच्या नजरेत यायला नको. गेल्या आठवड्यात लाइटवाले काका घरी आले, तर बाबांनी त्यांना मोठ्या अदबीनं विचारलं, आपण कुठून आलात? काका आधी हसले. मग खाली जाऊन जिन्यात बसून राहिले.

आणि उद्घाटनाला 'छत्रीवाला' आपणच करणार असा त्यांचा हट्ट आहे. मी परवा बसून मोजलं, त्यांना किती लक्षात ठेवायचंय ते. सात छत्र्या, सात गोष्टी, पाऊण तास, एकटा माणूस. छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा एकेक छत्री उघडतो आणि ती कुणाची, तिचं काय मोडलं, ते सांगतो. शेवटची निळी छत्री न्यायला कुणीच येत नाही. मग प्रेक्षकांतलं एखादं पोर आपणहून उठतं, रंगमंचावर जातं, छत्री घेऊन घरी जातं, आणि मगच महोत्सव सुरू झाला असं आपण म्हणतो. तीस वर्षांत तीस निळ्या छत्र्या गावभर गेल्या. एकतिसावी मी शिवायला घेतलीय, पण हात चालत नाही.

मला वाटतं, यंदा उद्घाटन त्या अठरा वर्षांच्यांना करू द्यावं. सचिवबाईही तेच म्हणतात. बाबा माझं ऐकणार नाहीत, तुझं कदाचित ऐकतील. चारशे मुलांसमोर ते अडकले तर मला बघवणार नाही. त्यांना पत्र लिही.

लोभ आहेच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी ताई

* * *

१९ सप्टेंबर

ती. ताईस,

कृ. सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक. आमची कंपनी आठ दिवसांनी गाव बदलते, त्यामुळे तुझं पत्र माझ्यामागे दोन थिएटरं फिरून आलं. जेवण बेचव, दिवे उत्तम. मी रोज संध्याकाळी बहात्तर दिवे सांभाळतो आणि कुणीही मला धन्यवाद देत नाही. रोजच्या कपड्यांतला एखादा गट माझ्याही नशिबी यावा.

ताई, तुझी काळजी मला समजते, पण तू चूक करतेयस. बाबांची पाटी चुकली, माणसं चुकली, मान्य. छत्रीवाला चुकणार नाही. तो त्यांच्या डोक्यात नाही, पायांत आहे. रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं की पुढचं आपोआप पडतं. तो काढून घेतलास तर त्यांच्याकडे काय उरतं? सकाळचा चहा आणि खिडकी. त्यांना घरी बसवायचं पत्र माझ्याच्यानं लिहवणार नाही.

आणि प्रॉम्प्टिंग कशासाठी असतं? तुला आठवतं, तू बारा वर्षांची होतीस, आणि ते थांबले म्हणून तू घाईघाईनं पुढचा शब्द दिलास. ते विसरले नव्हते, मुद्दाम थांबले होते. घरी आल्यावर ते ओरडलेही नाहीत. फक्त म्हणाले की ती शांतता माझी होती, ती तू माझ्या खिशातून काढून घेतलीस. तू दोन दिवस जेवली नव्हतीस. तेव्हापासून आपल्या घरचा नियम झाला. नटानं कानाला हात लावला तरच शब्द द्यायचा. खूण नाही तर शब्द नाही, मग आभाळ कोसळो. आणि तुझी विंग बदलून मला नऊ वर्षांच्याला डाव्या विंगेत उभं केलं. घर सोडेपर्यंत चौदा वर्षं मी तिथे संहिता धरून उभा होतो. त्यांनी एकदाही कानाला हात लावला नाही.

यंदा लावतील तर लावू देत. मी येतो. गुरुवारी ३ डिसेंबरला पोचतो, शनिवारी प्रयोगाला माझ्या जुन्या जागी उभा राहतो. बाबांना सांग. सचिवबाईंनाही सांग. मी लिहून देतोय, मागाहून बदलणार नाही.

बाबांना सा. न., मुंग्यांना माझा नमस्कार. तुझा राग माझ्यावर आहे तसाच राहू दे, त्याशिवाय मला करमत नाही.

तुझा धाकटा

* * *

२४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. जिंकलास. तू येणार म्हटल्यावर बाबांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचं बळ आलं. सकाळी उठून दाढी करतात, स्वतः. महोत्सवाच्या गोदामाची किल्ली माझ्याकडे आहे का, हे दिवसातून दोनदाच विचारतात, आणि ती त्यांच्याच गळ्यात आहे असं सांगितलं की मिश्कील हसतात.

तालमी सुरू झाल्या. छत्र्यांचं टेबल उजव्या विंगेत असल्यामुळे मी उजवीकडूनच प्रॉम्प्टिंग करते. पहिल्या दिवशी त्यांनी सहा वेळा उजव्या कानाला हात लावला. काल नऊ वेळा. पहिल्यांदा हात कानाकडे गेला तेव्हा मी नुसती बघतच राहिले, कारण इतक्या वर्षांत मी ती खूण प्रत्यक्ष कधी पाहिलीच नव्हती. पण शब्द दिला की ते असे पुढे जातात की मधला थांबा मुद्दामच घेतला असावा असं वाटतं. तुझं खरं निघालं, पायांत आहे.

माझं एक शहाणपण मात्र अंगाशी आलं. प्रत्येक छत्रीच्या आतल्या बाजूला मी त्या त्या गोष्टीचं पहिलं वाक्य धाग्यानं शिवलं होतं. म्हटलं, उघडली की वाचतील. त्यांनी पहिली छत्री उघडली, वाचलं, मिटली. टेबलावरून माझीच कात्री घेतली, एका कोपऱ्यात बसले आणि सातही छत्र्यांचे टाके एकेक करून उसवले. कापडाला कुठे धक्का लावला नाही. तासभर लागला. मी समोर उभी. नंतर कात्री माझ्या हातात देत म्हणाले की माझी पाटी मीच रंगवतो.

डाव्या विंगेत गेली नऊ वर्षं मोडकी शिडी आणि रंगाचे डबे पडले होते. ते त्यांनी सगळं काढायला लावलं. सोबत त्यांची चिठ्ठी जोडलीय. मी वाचली नाही, असं मी म्हणू शकते.

गुरुवारीच ये. शुक्रवारी रंगीत तालीम आहे.

माया आहेच, ती तू आल्यावर दिसेल.

तुझी ताई

(सोबतची चिठ्ठी)

चि. वात्रटास,

आशीर्वाद. तू येतोस हे ऐकून बरं वाटलं. तुझी ताई चांगलं सांभाळते पण तिला घाई फार. तू आपल्या डाव्या विंगेत उभा राहा. तुझी जागा मी झाडून ठेवलीय. संहिता आणायची गरज नाही, इथे आहे. निळी छत्री उघडली की मी जो थांबतो तो मोजून दहा. तुला माहीत आहे. मुलं तेव्हा श्वास घ्यायची विसरतात, ते तू बघ, तुझ्या तिकडच्या दिव्यांत तसं काही नसणार.

तू येतोस हे ऐकून बरं वाटलं. डाव्या विंगेत उभा राहा. तुझी जागा मी झाडून ठेवलीय.

बाबा

* * *

२९ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. मला येता येत नाही.

आमचा मुख्य प्रकाशयोजनाकार आजारी पडलाय. चार तारखेला नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आणि सगळे दिवे माझ्या हातात दिलेत. नऊ वर्षं दुसऱ्याच्या मागे उभा राहिलो, आता पहिल्यांदा पत्रकावर माझं नाव छापलंय. दिग्दर्शकाला मी विचारलं. तो म्हणाला की जायचं तर जा, पण परत येऊ नकोस. मी दोन दिवस विचार केला. ताई, मी राहतोय.

तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. तालमीत तू शब्द देतेस आणि त्यांचं नीट चालतं, हे तूच लिहिलंस. उजवीकडून काय आणि डावीकडून काय, शब्द तोच. बाबांना तू समजावून सांग, तुला ते जमतं. सांग की सहा महिन्यांत येतो आणि महिनाभर राहतो. चिठ्ठी मी जपून ठेवलीय.

शिव्या द्यायच्या तर पत्रातून दे, शेजारच्या दुकानात फोन करून देऊ नकोस, दुकानदार ऐकतो.

लोभ राहील का, हे विचारायची आज हिंमत नाही.

तुझा धाकटा

* * *

८ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी सकाळी आलं. बाबा तेव्हा दारात उभे होते, तुझी वाट बघत. मी ते शिवणाच्या डब्यात बॉबिनखाली ठेवलं. शुक्रवारी त्यांना सांगितलं की तुझी गाडी चुकली, उद्या थेट प्रयोगालाच पोचशील. शनिवारी काय सांगितलं ते विचारू नकोस.

शनिवारी काय झालं ते सांगते. एकदाच सांगते, पुन्हा मला सांगायला लावू नकोस.

गोदाम भरलं होतं. पुढच्या बाकांवर मुलं, मोठी माणसं मागे उभी, नेहमीप्रमाणे. मुंग्यांना त्यांच्या नाटकाआधी कपडे बदलायला वेळ मिळणार नव्हता, म्हणून त्या सहा पाय लावूनच पहिल्या दोन रांगांत बसल्या होत्या. तिसरी घंटा झाली. बाबा आले, आणि धाकट्या, काय सांगू, ते वाकलेले नव्हते. पहिल्या सहा छत्र्यांत त्यांनी दोनदाच कानाला हात लावला. तिसऱ्या छत्रीच्या वेळी मुलं इतकी हसली की त्यांना थांबावं लागलं. मागे उभ्या सचिवबाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, मीच मूर्ख. मी काय हिरावून घ्यायला निघाले होते!

मग निळी छत्री उघडली. "ही छत्री न्यायला अजून कुणी आलेलं नाही," हे वाक्य. त्याच्या आधी दहा आकडे शांतता. ते डावीकडे वळले. मला त्यांची पाठ आणि उजवा खांदा दिसत होता, उजव्या हातात छत्री. मी मनात मोजायला लागले. दहा झाले. वीस झाले. वाक्य माझ्या ओठांवर होतं. खूण नव्हती. मी त्यांच्या उजव्या कानाकडे टक लावून बघत होते आणि मनात म्हणत होते, हात लावा, बाबा, एकदा हात लावा. पन्नास झाले. आधी मुलं गप्प होती, मग कुणीतरी खुदकन हसलं, मग कुजबुज. शंभर झाले. मला बारा वर्षांची मी आठवत होते. त्यांची शांतता मी पुन्हा काढून घेणार नव्हते. दीडशेच्या पुढे मी मोजायचं सोडून दिलं.

एक मुंगी उठली. तिला वाटलं असणार, छत्री न्यायची वेळ झाली. पायऱ्या चढून गेली आणि तिनं छत्रीच्या दांड्याला हात घातला. बाबांनी छत्री ओढली. तिनंही ओढली. बाबा तिला काहीतरी म्हणाले आणि छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरली. ती पोर रडायला लागली. नाटकच आहे समजून बाकीची पोरं खो खो हसायला लागली. चारशे मुलं हसत होती. पडदा मी स्वतः सोडला.

महोत्सव पुढे झाला, दिवसभर. एकवीस मुंग्यांऐवजी वीस मुंग्यांनी नाटक केलं. अठरा वर्षांच्यांचं नाटक चांगलं झालं म्हणतात, मी पाहिलं नाही. सचिवबाईंनी मला कागदपत्रं आवरायला मदत केली आणि जाताना म्हणाल्या की पुढच्या वर्षी उद्घाटनाचं काहीतरी साधंच ठेवू.

बाबा तेव्हापासून बोलले नाहीत. एक शब्द नाही. खुर्चीत बसतात, निळी छत्री मांडीवर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा धक्का पुरतो.

तुझं नवं नाटक कसं झालं? खरंच विचारतेय.

ताई

* * *

१५ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र मी दिव्यांच्या खोलीत उभ्यानं वाचलं आणि त्यानंतरचा प्रयोग कसा केला ते मला आठवत नाही.

पण ताई, तू शब्द का दिला नाहीस? मी तेव्हापासून हाच विचार करतोय आणि मला संताप येतोय. दीडशेपर्यंत मोजलंस! कुठलाही नियम इतका मोठा असतो का? तो नियम धडधाकट माणसासाठी होता. ज्याला पाटीवरचा आकडा आठवत नाही, त्याला खूण करायची तरी कुठून आठवणार? तालमीत आठवली, त्या क्षणी नाही आठवली, एवढं साधं होतं. ती छत्री तूच शिवलीस, वाक्य तुझ्या ओठांवर, सहा पावलांवर बाप उभा, आणि तू त्याच्या कानाकडे बघत बसलीस. मी तिथे असतो तर तिसाव्या आकड्याला शब्द दिला असता, खूण असो नसो.

मी तिथे नव्हतो हे मला माहीत आहे. ते तू लिहायची गरज नाही. नियमाची आठवण मीच सप्टेंबरात मोठ्या ऐटीत करून दिली होती, तेही माहीत आहे.

नाटक चांगलं झालं. वर्तमानपत्रात प्रकाशयोजनेबद्दल दोन ओळी आल्या. कात्रण काढलं होतं, टाकून दिलं.

बाबा काही बोलले तर लगेच कळव.

धाकटा

* * *

२२ डिसेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. तुझ्या पत्राचा मला राग आला नाही. दोन आठवडे मी स्वतःला रोज हेच विचारत होते, तू फक्त ते लिहिलंस. पण आता मला जे कळलंय ते तुलाही कळायला हवं. एकटीनं बाळगायची माझ्यात ताकद नाही.

काल दुपारी लाइटवाले काका आले. चहा ठेवला, त्यांनी कपाला हात लावला नाही. त्यांचा दिव्यांचा कट्टा हॉलच्या मागे वर आहे, तुला माहीत आहे, त्यांना समोरून सगळं दिसतं. ते म्हणाले की पोरी, एक विचारू का, तू शब्द का देत नव्हतीस? म्हातारा केव्हाचा कानाला हात लावत होता. मी म्हटलं, नाही काका, मी डोळ्यांची पापणी लववली नाही, उजवा हात छत्रीवर होता. ते म्हणाले, उजवा नाही, डावा. डाव्या हातानं डावा कान. एकदा नाही, सारखा. शेवटी शेवटी तर पाळी चिमटीत धरून ओढत होते, आणि बघत होते डाव्या विंगेकडे.

डाव्या विंगेकडे, धाकट्या. तुझ्याकडे.

शनिवारी बाबांना काय सांगितलं ते आता तुला सांगते. तिसऱ्या घंटेच्या आधी ते आरशासमोर बसले होते आणि मी त्यांच्या भुवया पांढऱ्या करत होते. त्यांनी विचारलं, आला का? दोन दिवसांत पन्नासदा विचारलं होतं. हात सारखे सदऱ्याची बटणं चाचपत होते. मला वाटलं, नाही म्हटलं तर हे उठणारच नाहीत. मी म्हटलं, आलाय बाबा, डाव्या विंगेत उभा आहे, संहिता घेऊन. त्यांचे हात थांबले. आरशात माझ्याकडे बघून हसले. म्हणूनच ते ताठ चालत गेले. म्हणूनच पहिल्या सहा छत्र्या तशा झाल्या. उजवीकडे वळले तेव्हा माझ्याकडून दोनदा शब्द घेतला, आणि खरी अडचण आली तेव्हा तुझ्याकडे मागितला. तू जिथे उभा आहेस असं मी सांगितलं होतं, तिथे. तिथे झाडलेली जमीन होती, बाकी काही नाही.

मुंगीला ते काय म्हणाले तेही मी मागच्या पत्रात गाळलं. म्हणाले की बाळ, ही तुझी नाही, ज्याची आहे तो आलाय, तो इथेच उभा आहे.

ते खूण करायला विसरले नव्हते. ते काहीच विसरले नव्हते. दीडशे आकड्यांपर्यंत ते शब्द मागत राहिले आणि आपल्या दोघांपैकी कुणीही तो दिला नाही. मला तुझा राग येतो, खोटं कशाला बोलू, आणि माझा त्याहून जास्त येतो. तू आला नाहीस, पण तू आलायस हे मी सांगितलं.

परवा ती मुंगी आईबरोबर आली होती. तिला विचारायचं होतं की ती लवकर उठली म्हणून आजोबांचं बोलणं बंद झालं का. मी तिला जवळ घेतलं आणि नाही म्हटलं, दहादा म्हटलं. तिला पटलं असं वाटलं नाही. निळी छत्री द्यावी म्हणून मी बाबांच्या मांडीवरून हळूच उचलायला गेले, त्यांनी सोडली नाही.

आणि एक. ते आता घरीही कानाला हात लावतात. डाव्या. जेवताना, खिडकीशी, अंघोळीनंतर पंचा गुंडाळून बसलेले असताना. मी धावत त्यांच्या डाव्या बाजूला जाते आणि शब्द देते. ते निळ्या छत्रीचं वाक्य दिलं. पूर्ण संहिता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दिली. पाणी म्हटलं, ऊन म्हटलं, आईचं नाव घेतलं. ते ऐकून घेतात, माझ्या पलीकडे बघतात, आणि पुन्हा कानाला हात लावतात. त्यांना कोणता शब्द हवाय ते मला कळत नाही. किंवा कळतं. तो माझ्या आवाजात नकोय.

ताई

* * *

३० डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मी नोकरी सोडली. दिग्दर्शक म्हणाला, आता कशाला, व्हायचं ते होऊन गेलं. खरं बोलला. तरी सोडली.

शनिवारी ९ तारखेला दुपारच्या गाडीनं पोचतो. गाडी चुकणार नाही, मी आदल्या दिवशीच स्टेशनवर जाऊन बसणार आहे. एक काम कर. बाबांची खुर्ची अशी फिरव की दार त्यांच्या डाव्या हाताला येईल. मी आत येऊन तिथेच उभा राहीन, त्यांना हाक मारणार नाही, पाया पडणार नाही, काही नाही. नियमानं उभा राहीन. त्यांनी कानाला हात लावला की वाक्य देईन. रोज पाठ म्हणतोय, हसू नकोस, सात शब्दांचं वाक्य, चौदा वर्षं हातात होतं, आणि आता मला भीती वाटते की ऐन वेळी मीच अडकेन.

मुंगीच्या घरीही जाईन. चूक तिची नव्हती, माझी होती, हे तिला मी सांगेन.

आशीर्वाद मागायचा अधिकार नाही. तरी मागतो.

तुझा धाकटा

* * *

५ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, मागितलेस म्हणून नाही, नेहमीचेच. हे पत्र तू निघायच्या आत पोचेल का, माहीत नाही. पोचलं तर गाडीत वाचायला होईल.

खुर्ची फिरवली. दार आता त्यांच्या डाव्या हाताला आहे. पण तुला एक सांगायला हवं, दारात उभं राहून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. गेल्या गुरुवारी सकाळी त्यांच्या मांडीवरून छत्री घसरून खाली पडली. ते वाकले नाहीत. तिच्याकडे बघितलंही नाही. मी ती उचलून पुन्हा मांडीवर ठेवली, तर हात तिच्याभोवती मिटले नाहीत. आणि शुक्रवारी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, कालपासून त्यांनी कानाला हात लावलेला नाही. तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बसून असते, शिवण घेऊन. आज सहावा दिवस. एकदाही नाही.

घास दिला की खातात. उजेडाकडे तोंड करतात. डॉक्टर म्हणाले, त्रास नाही त्यांना. मला वाटतं, त्यांनी मागणं सोडलं. माणूस किती दिवस मागेल?

छत्री मी मुंगीला दिली नाही. ज्याची आहे असं त्यांनी सांगितलं होतं, त्याच्यासाठी ठेवलीय. दाराशी, मिटून.

त्यांच्या खुर्चीच्या डावीकडची जागा मी आज झाडून घेतली. ये, आणि तिथे उभा राहा. फक्त या वेळी खुणेची वाट बघू नकोस. ती व्हायची नाही. आल्या आल्या बोल.

तुझी ताई